तिघांचे ऐकणे
परवा एका लहानशा क्लबात रॉक संगीताचे त्रिकूट ऐकण्याचा योग आला. गिटार, बेस आणि ड्रम. चौथा आधार नाही. एकाने हात आखडला की रिकामी जागा तत्काळ जाणवे. ड्रमवादकाचा हात अंमळ जड होता. परंतु गिटारीचे स्वर बुडताच तो सावरे. सभामंडपातील भजनात पखवाजी गायकाचा कल ओळखतो, तसेच हे.

१९६६ साली क्लॅप्टन, ब्रूस व बेकर यांचे 'क्रीम' अशाच क्लबांतून वाजवीत असे. पुढे सभागृहे विस्तारली, ध्वनिवर्धक वाढले. एकदा आपण वाजविणे थांबविले, तरी सोबत्यांना पत्ता लागला नाही, असे क्लॅप्टन यांनीच सांगितले आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात त्रिकूट विसर्जित झाले. माझ्या मते त्याचा निकाल त्या क्षणीच लागला होता.