पिक्सेल, जाळी आणि वारसा

संगणकाच्या पडद्यावर उमटणारे चित्र ही कला की यंत्राची करामत, हा प्रश्न उपयोजित कलेच्या वर्गात लवकरच उपस्थित होतो. मुस्लीम घरातून आलेल्या विद्यार्थिनीपुढे आणखी एक प्रश्न असतो : चित्र काढणे आपल्यात चालते का? पहिला प्रश्न घरच्यांना पडत नाही, दुसरा कॉलेजला पडत नाही. डिजिटल माध्यमाचे शिक्षण घेताना या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी भिडणारे एक पुस्तक मी वाचले. लॉरा मार्क्स यांचे ‘एन्फोल्डमेंट अँड इन्फिनिटी’ हे पुस्तक २०१० साली एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केले. नवमाध्यम कलेची एक इस्लामी वंशावळ मांडणे हा त्याचा विषय आहे.

मार्क्स यांचे म्हणणे थोडक्यात असे : संगणकीय कलेत डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रामागे माहिती आणि नियम दडलेले असतात. इस्लामी नक्षीतही दिसणाऱ्या आकृतीमागे भूमिती असते आणि तिचा रोख अनंताकडे असतो. प्रकरणांना त्यांनी शहरे आणि साले दिली आहेत. अल्गोरिदमचा जन्म बगदाद, ८३० मध्ये. पिक्सेलचा उगम बगदाद, १००० मध्ये. पहिल्याला भक्कम आधार आहे. अल्गोरिदम हा शब्दच अल् ख्वारिज्मीच्या नावावरून आला. दुसऱ्यात ‘कलाम’ परंपरेतील अणुवाद आणि पडद्यावरचे ठिपके यांची तुलना आहे.

ही मांडणी विद्यार्थ्याची नजर बदलते, हे मान्य केले पाहिजे. जर्मनीतील गिओर्ग नेस यांचे ‘शॉटर’ हे १९६८च्या सुमारासचे संगणक-चित्र घ्या. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरचे चौकोन शिस्तीत उभे. खाली येता येता ते तिरके होतात, सरकतात, विस्कटतात. कलावंताने एकेक चौकोन काढला नाही. त्याने नियम ठरवला आणि त्यात यदृच्छेला किती वाव द्यायचा ते ठरवले. आता बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीची संगमरवरी जाळी आठवा. तिथेही एक आकृती, तिची पुनरावृत्ती आणि ती कुठे थांबवायची याचा निर्णय आहे. २००७ साली पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की मध्ययुगीन ‘गिरीह’ नक्षीची गुंतागुंत केवळ पाच प्रकारच्या फरशांच्या मांडणीतून उलगडते. इस्फहानच्या दर्ब-ए-इमामवरील १४५३ची नक्षी त्यांनी त्यासाठी अभ्यासली. कला नियमात आणि निवडीत असते, हे आम्हाला सॉफ्टवेअरच्या कुठल्याच धड्यात कुणी सांगितले नव्हते.

तरीही दोन हरकती नोंदवाव्याशा वाटतात. पहिली अशी की साम्य म्हणजे वंश नव्हे. इस्लामी कला युरोपात कोणत्या वाटांनी पोचली याचा मार्क्स मागोवा घेतात. पण पिक्सेल घडवणाऱ्या अभियंत्यांनी ‘कलाम’ वाचला होता, असे कुणी म्हणू शकणार नाही. आपल्या वाचकांनी इथे विशेष सावध राहायला हवे. ‘हे सगळे आमच्याकडे आधीच होते’ या वाक्याने समाजाची छाती फुगते, हात मात्र रिकामेच राहतात. शिवाय ‘चित्र वर्ज्य म्हणून नक्षी’ हे समीकरणही अपुरे आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातमध्ये बिहजाद माणसे, घोडे, बागा रंगवत होता. मुघल दरबारातील चित्रकारांविषयी वेगळे सांगायला नको. ज्या विद्यार्थिनीला ‘हे आपल्यात चालत नाही’ असे ऐकवले जाते, तिला हा इतिहास पूर्ण सांगितला पाहिजे.

दुसरी हरकत हातांविषयी आहे. वंशावळीच्या चर्चेत कल्पना पुढे येतात आणि कारागीर मागे राहतात. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइपसाठी हजारो जोडाक्षरे हाताने लिहिली, तेव्हा नूरी नस्तालीक यंत्रात उतरले. सुंदर उर्दू अक्षर छापणे त्यामुळे सोपे झाले. एका कातिबाचा हात यंत्राने जपला आणि वर्तमानपत्रांतल्या असंख्य कातिबांचे काम गेले. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय डिजिटल कलेचा हिशेब पुरा होत नाही. २०१८ साली ख्रिस्तीजच्या लिलावात ‘एडमंड द बेलामी’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला विकले गेले. सहीच्या जागी गणिती सूत्र होते. यंत्राला शिकवण्यासाठी सुमारे १५,००० जुनी व्यक्तिचित्रे वापरली होती. त्या चित्रकारांच्या सह्या कुठे गेल्या, हा प्रश्न कलेच्या वर्गात विचारलाच गेला पाहिजे.

मार्क्स यांचे पुस्तक सोपे नाही. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत ते ठिकठिकाणी अडते आणि मराठी वाचकाला तर दुहेरी कष्ट पडतात. पण ते टाळून चालणार नाही. आपली मुले आज डीटीपी आणि ॲनिमेशनचे कोर्स करतात. पोटापाण्यासाठी ते योग्यच आहे. मात्र बटण कुठले दाबायचे एवढेच शिकलेला हात पुढच्या यंत्रासमोर पुन्हा रिकामा होतो, जसा कातिबांचा झाला. जाळीमागचा नियम ज्याला उमगला, त्याला नव्या यंत्रालाही नवा नियम घालून देता येईल. वारसा सांगून मिरवण्यापेक्षा तो असा कामाला लावणे अधिक मोलाचे आहे.