रस्ता वाचावा कोपऱ्यावर

सातारकराला रस्ते दोनच, वरचा आणि खालचा. राजपथ आणि कर्मवीर पथ ही झाली पाटीवरची नावं. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या या गावात दोन्ही रस्त्यांना जोडतात ते मधले चढउताराचे बोळ, आणि खरी वहिवाट असते ती त्यांचीच. अशा गावात वाढलेला माणूस पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर चालू लागला की त्याची नजर आपोआप सांध्यांवर जाते. सरळ पट्टा कुणालाही साधतो. कवीची कसोटी जशी एक ओळ संपून दुसरी सुरू होते तिथे लागते, तशी रस्त्याची कोपऱ्यावर.

हा रस्ता पूर्वी गाजला तो खड्डे पडत नाहीत म्हणून. 1970च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर तो बांधला, आणि हमी संपल्यावरही लोक त्याचे दाखले देत राहिले. कौतुक रास्तच होतं, पण ते चाकांच्या बाजूने होतं. पायी जाणाऱ्याला डांबर गुळगुळीत असून काय उपयोग? 2016मध्ये पुणे महापालिकेने रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि त्यानंतर या रस्त्याची नवी मांडणी झाली. पदपथ रुंद झाला, शेजारी सायकलींना पट्टा मिळाला.

या मांडणीचं सौंदर्य बालगंधर्व रंगमंदिराजवळ पाहावं. प्रयोग सुटल्यावर मराठी माणूस लगेच घरी जात नाही; घोळका करून नटांचं उणंदुणं काढतो. त्या घोळक्याला आता गाडीच्या हॉर्नमुळे पांगावं लागत नाही. बसायला बाकं आहेत, मुलांना खेळायची साधनं आहेत, आणि जुनी झाडं अडथळा म्हणून न उरता पदपथाचा भाग झाली आहेत. झाडापाशी चाल मंदावते, बाकापाशी थांबते, पुढे पुन्हा लय धरते. संभाजी उद्यानापासून पाताळेश्वराकडे जाताना हे पायांनाच कळतं. रचनाकाराने माणसाला नुसतं पुढे ढकललेलं नाही, रेंगाळायची मुभा दिली आहे. मला हा या रस्त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

सायकलीची ओळ मात्र अडखळते. आडवा रस्ता आला की पट्टा तुटतो. कुठे दुचाकी घुसते, कुठे चालणारेच त्यावरून चालू लागतात. नेदरलँड्समध्ये अनेक ठिकाणी पदपथ आणि सायकल मार्ग आडव्या गल्लीसमोरूनही त्याच पातळीवर पुढे जातात. चढून-उतरून जायचं ते मोटारीने. कोण कुणासाठी थांबणार, हे तिथे पाटी लावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिलं, ते कागदावर. कोपऱ्यावरच्या चार इंचांच्या उंचवट्यात मात्र अजून वाहनांचीच सरशी आहे.

साताऱ्याने सांध्याचं कोडं उलट्या बाजूने हाती घेतलं. पोवई नाक्यावर गाड्यांसाठी जमिनीखालून वाट काढली, ती जानेवारी 2021मध्ये खुली झाली. गाड्या खाली गेल्या, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं वर, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याभोवती आहे: राजपथावरून आलेल्या पायी माणसाला नाका सलग, न धावता ओलांडता यावा. ते जमलं तर वरचा आणि खालचा रस्ता पायी माणसासाठी नाक्यावरही जोडले जातील.

अशी मांडणी सांगलीत करायची तर मामला वेगळा. चढ नाही, त्यामुळे सायकलीला हे गाव साताऱ्यापेक्षा कितीतरी धार्जिणं. पण इथे रस्त्याची नवी मांडणी करणाऱ्याने आधी 1929च्या आयर्विन पुलापाशी जाऊन पाण्याची पातळी विचारावी. 2019च्या महापुरात कृष्णा तिथे 57 फुटांच्या वर गेली होती. वाळूवर नुसते ठोकळे मांडून केलेला देखणा पदपथ अशा पाण्यात कितपत टिकणार? सांगलीत पट्टा पक्क्या पायावर हवा, गटाराकडे उतरता हवा आणि फावड्याने गाळ ओढताना कुठे अडणार नाही इतका सपाट. बाकांचं नंतर बघता येईल.