संगणकीय तारखा आणि ‘साडेपाच तासां’चे गृहीतक : एक चिकित्सा

प्रस्तावना :

भारतात एकच प्रमाणवेळ आहे आणि उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची प्रथा येथे नाही. म्हणून जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत, 5 तास 30 मिनिटे मिळवली की काम भागते, अशी समजूत संगणकाच्या अध्यापनात व प्रत्यक्ष प्रोग्रामलेखनात रूढ झालेली आढळते. मजकुरातून तारीख वाचणे आणि ती पुन्हा मजकुरात मांडणे या दोन क्रियांच्या संदर्भात या समजुतीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रमाणवेळ ही मुळात व्यवहाराची सोय आहे. भारतीय प्रमाणवेळ 82° 30′ पूर्व रेखांशाची; उमरेड साधारणतः 79° 20′ वर वसलेले आहे. एका अंशास 4 मिनिटे या हिशेबाने घड्याळात बारा वाजतात तेव्हा उमरेडची स्थानिक मध्यम वेळ 11 वाजून 47 मिनिटांच्या आसपास असते. हा फरक सर्वांनी संमतीने विसरलेला आहे. प्रोग्राममध्ये मात्र असे विसरणे महाग पडते.

जन्मतारखेचा प्रश्न :

महाविद्यालयीन नोंदींत याचे सर्वांत ठळक उदाहरण जन्मतारखेचे आहे. जन्मतारीख हा दिनदर्शिकेवरील दिवस आहे, क्षण नव्हे. तथापि अनेक प्रोग्रामांत ती त्या दिवसाच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून साठवली जाते. 15 जून 2005 ची भारतीय मध्यरात्र यूटीसीत 14 जूनच्या 18:30 ला येते. साठवताना रूपांतर झाले आणि मांडताना केवळ तारखेचा भाग उचलला, की विद्यार्थ्याचा जन्म एक दिवस अलीकडे सरकतो. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व शिष्यवृत्तीचा अर्ज यांत मग मेळ राहत नाही, आणि त्याचा त्रास ज्याने चूक केली त्याला न होता विद्यार्थ्याला होतो.

जावास्क्रिप्टमध्ये याच दोषाचे दुसरे रूप दिसते. ‘2005-06-15’ एवढाच मजकूर दिल्यास भाषेच्या नियमानुसार तो यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचला जातो. त्यापुढे वेळ लिहून टाइम झोन न दिल्यास मात्र ती स्थानिक वेळ मानली जाते. उमरेडला बसून चाचणी घेणाऱ्यास यात काहीच खटकत नाही, कारण येथे तो क्षण 15 जूनच्या पहाटे साडेपाचचा असतो. तोच प्रोग्राम न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाने उघडल्यास त्यांना 14 जून दिसतो. पंचांगातही वार मध्यरात्री न बदलता सूर्योदयाला बदलतो. पण तेथील नियम सर्वांना ठाऊक असतो.

‘आयएसटी’ हा संक्षेपही विश्वासार्ह नाही. भारतीय, इस्रायली व आयरिश अशा तिन्ही वेळांसाठी तो वापरला जातो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मूळ संक्षेपसूचीत त्याचा अर्थ इस्रायलची वेळ, म्हणजे यूटीसीहून 2 तास पुढे, असा आहे. भारतीय अर्थासाठी वेगळी सूची सोबत दिलेली असते. ती न निवडल्यास साडेतीन तासांची चूक होऊ शकते.

इतिहासाची साक्ष :

‘साडेपाच तास’ हे गृहीतक सर्वाधिक डळमळते ते भूतकाळात. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली. मुंबईने मात्र तीस विरोध केला आणि प्रमाणवेळेहून 39 मिनिटे मागे असणारा ‘बॉम्बे टाइम’ शहरात 1955 पर्यंत टिकून राहिला. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात देशाची प्रमाणवेळ एक तास पुढे, म्हणजे यूटीसीहून 6 तास 30 मिनिटे पुढे होती. पत्रिका मांडणारे ज्योतिषी त्या काळातील जन्मवेळेतून हा तास आजही वजा करतात. संगणक शिकलेल्यांना तो बहुधा माहीत नसतो.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीत स्फोट झाला. त्या दिवशी प्रमाणवेळेत केलेली कोणतीही नोंद सरसकट 5:30 धरून वाचल्यास एका तासाची चूक होते. ‘एशिया/कोलकाता’ ही जागतिक टाइम झोन कोशातील नोंद वापरल्यास ती टळते, कारण युद्धकाळातील बदल त्या नोंदीत समाविष्ट आहे. परंतु हा कोशही अपुरा आहे. 1970 नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे सारखी चालली त्यांना तो एकाच नोंदीत बसवतो. त्यामुळे ‘बॉम्बे टाइम’ला तेथे स्थान नाही. कोशकारांनी ही मर्यादा स्वतःच जाहीर केलेली असल्याने दोष त्यांच्याकडे जात नाही. कोश न वाचता वापरणाऱ्यांकडे तो जातो.

साधने आज उपलब्ध आहेत. जावाच्या आठव्या आवृत्तीत, 2014 साली, वेळेविना केवळ तारीख धारण करणारा ‘लोकलडेट’ हा प्रकार आला. डेटाबेसांत ‘डेट’ हा प्रकार त्याच्याही आधीपासून आहे. जन्मतारखेसाठी तोच वापरावयास हवा. प्रत्यक्ष घटनेच्या वेळेसोबत आकड्याऐवजी टाइम झोनचे पूर्ण नाव नोंदवावयास हवे, आणि 1955 पूर्वीच्या मुंबईच्या कागदपत्रांचे संगणकीकरण करताना वेळ कोणत्या घड्याळाची, यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा लागेल.