वीतभर अंतरातलं बॉक्सिंग

दोन बॉक्सर एकमेकांना बिलगले की प्रेक्षक ओरडू लागतात आणि समालोचक रेफरीनं त्यांना सोडवायची वाट पाहतो. बहुतेकांच्या लेखी ती लढतीतली वाया गेलेली वेळ असते. प्रत्यक्षात या खेळातलं अवघडात अवघड कसब त्याच वीतभर अंतरात लागतं. गेल्या काही दशकांत ते आटत गेलं आहे, आणि त्याचा दोष बॉक्सरांपेक्षा रेफरी आणि गुणपद्धतीकडे अधिक जातो. मात्र त्याआधी क्लिंच आणि जवळची लढत यांची सरमिसळ थांबवली पाहिजे. क्लिंचमध्ये समोरच्याचे हात अडकवून लढत थांबवली जाते. जवळच्या लढतीत छातीला छाती भिडलेली असूनही ठोसे चालूच राहतात. एकीतून दुसरीत शिरणं किंवा निसटणं हा या कलेचाच भाग आहे, पण दोन्हींना एकच शिक्का मारला की वाद सुरू होण्याआधीच संपतो.

या अंतरात नेमकं काय घडतं, हे २० जून १९८० च्या मॉन्ट्रियलच्या लढतीत पाहावं. रॉबेर्तो दुरान लाइटवेटमधून वर आलेला, शुगर रे लेनर्डपेक्षा बुटका आणि आखूड हाताचा. लांबून खेळला असता तर लेनर्डच्या जॅबनं त्याला दाराबाहेरच ठेवलं असतं. तो आत शिरला, लेनर्डला दोरांवर रेटत राहिला आणि पंधराव्या फेरीपर्यंत त्यानं श्वास घ्यायला जागा दिली नाही. अशा लढतीत कपाळ प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला किंवा छातीला लावून त्याची मान वर उचलली जाते, म्हणजे त्याच्या ठोशात कमरेचं बळ उतरत नाही. एका हाताचा पुढचा भाग त्याच्या दंडावर दाबलेला, दुसरा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताला जेमतेम वीतभर जागा, म्हणून ताकद खांद्यातून येऊच शकत नाही. ती गुडघे किंचित मोडून आणि कंबर फिरवून काढावी लागते. मग अर्धं पाऊल बाजूला, बरगड्यांखाली हुक, आणि कोपर खाली आलं की मधल्या फटीतून अपरकट. कुस्तीचा फड पाहिलेल्याला हे चटकन उमगेल: पकड घट्ट बसली की बाहेरून सगळं थांबल्यासारखं वाटतं, पण त्याच क्षणी दोघे पैलवान वजन कुठं झुकतंय ते चाचपत असतात.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं शरीराच्या वजनाचं काम आहे, कौशल्याचं नव्हे. तसं असतं तर त्या अंतरात मोठाच माणूस जिंकला असता. इतिहास उलटं सांगतो. १९३८ मध्ये फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट अशी तीन जगज्जेतेपदं एकाच वेळी बाळगणारा हेन्री आर्मस्ट्राँग, हेविवेटमध्ये आखूड हातांचा जो फ्रेझर, आणि हा दुरान: जवळची लढत ही लहान चणीच्यांनी घडवलेली विद्या आहे. तिला उत्तरही आहे. १९८० च्याच नोव्हेंबरमध्ये लेनर्ड पायांवर नाचत राहिला, दुरानला आत येऊच दिलं नाही, आणि आठव्या फेरीत दुराननं लढत सोडली. मॉन्ट्रियलला लेनर्डनं दुरानच्या पसंतीची लढत पत्करली होती हे खरं, पण म्हणून दुरानचं श्रेय कमी होत नाही. ज्या डावाला उतारा असतो आणि तो शोधावा लागतो, त्याला कौशल्य म्हणणं भाग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी रिंगमधली झोंबाझोंबी आणि मिठी मारणं निषिद्ध ठरवलं. मग नियमभंगाला कसब कसं म्हणायचं? माझ्या मते कसब आणि वैधता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९०८ साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जगज्जेता झालेला जॅक जॉन्सन प्रतिस्पर्ध्याचे दंड धरून त्याचे ठोसे सुटण्याआधीच मारून टाकी. त्यात असामान्य जाण होती. १९७४ मध्ये किन्शासात मुहम्मद अलीनं जॉर्ज फोरमनची मान पुन्हा पुन्हा खाली दाबली. आठव्या फेरीत फोरमन कोसळला त्यात त्या ओझ्याचाही वाटा होता. हे नियमात बसत नव्हतं. ते अकलेनं केलेलं होतं, हेही तितकंच खरं. अलीच्या बाबतीत आपण ते चातुर्य म्हणून मिरवतो, तर ५ ऑक्टोबर २०१३ ला मॉस्कोत व्लादिमिर क्लिच्कोनं अलेक्झांडर पोवेत्किनवर वजन टाकून तेच केलं तेव्हा नाकं मुरडतो. माप एकच हवं. माझं माप साधं आहे: त्या पकडीतून लढत पुढे गेली की तिथंच मेली? मॉस्कोत ती बहुतेक वेळा मेली. चार वेळा पोवेत्किनला खाली पाडण्याइतका श्रेष्ठ असलेल्या क्लिच्कोला त्याची गरजही नव्हती. रेफरीनं गुण कापला तो थेट अकराव्या फेरीत, आणि तिन्ही जजांच्या पत्रिकांवर ११९-१०४ असा निकाल लागला. इथं दुसरा आक्षेप शंभर टक्के लागू पडतो.

म्हणूनच ही कला जगते की मरते हे रेफरीच्या हातावर ठरतं. जानेवारी १९७४ च्या दुसऱ्या लढतीत अली डाव्या हातानं फ्रेझरची मान धरून ठेवत होता आणि त्याला ते करू दिलं गेलं. फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी तो धडा लक्षात ठेवून १९७५ मध्ये मनिलाच्या तिसऱ्या लढतीला रेफरी कोण असावा यावर वाद घातला. तिथं कार्लोस पाडिया यांनी अलीचा मानेवरचा हात झटकून काढला. मधल्या फेऱ्यांत फ्रेझर अलीच्या बरगड्यांवर जे काम करू शकला, त्यामागे हेही एक कारण आहे. मॉन्ट्रियलला रेफरी होते तेही पाडियाच, आणि तिथं त्यांनी दोघांना आत लढू दिलं. याउलट डिसेंबर २००७ मध्ये रिकी हॅटन फ्लॉइड मेवेदरच्या अंगाशी भिडला की जो कोर्टेझ लगेच दोघांना वेगळं करत. मेवेदर बहुधा तरीही जिंकला असता, पण हॅटनची एकमेव भाषा त्याला बोलूच दिली गेली नाही.

हौशी बॉक्सिंगमध्ये नुकसान याहून खोल झालं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधल्या रॉय जोन्सच्या अन्यायकारक पराभवानंतर १९९२ पासून गुण मोजायला बटणं आली. पाचपैकी तीन जजांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. अंगाशी भिडून मारलेला आखूड ठोसा कुणाच्या पाठीआड, कुणाच्या कोपराआड जातो, तो तिघांना एकदम दिसणार कसा? त्यामुळे लांबून टिपायचं आणि मागे सरकायचं हेच शहाणपण ठरलं. विजेंदर सिंगचं २००८ चं कांस्य, म्हणजे भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक, याच काळातलं आहे. त्याच्या कर्तृत्वाला यानं बाधा येत नाही, पण ज्यांनी त्याला पाहून हातमोजे चढवले त्यांना पोटावरचं काम कोणी शिकवावं, याला त्या पद्धतीत काही कारणच उरलं नव्हतं. २०१३ मध्ये बटणं गेली, दहा गुणांची पद्धत आली. तरी जे प्रशिक्षक बटणांच्या काळात घडले, त्यांचे शिष्य आजही अंगाशी आले की हात गुंडाळून रेफरीकडे बघतात.

यावर उपाय नियम बदलण्यात नाही, आहे तो नियम लावण्यात आहे. एकाचा तरी हात मोकळा असेल तर रेफरीनं त्यांना लढू द्यावं. दोघांचेही अडकले तरच सोडवावं. नुसतं धरून ठेवणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या फेरीतच गुण गमवावा लागावा, म्हणजे त्याला आत काहीतरी करून दाखवणं भाग पडेल. आणि जजांनी बरगड्यांखालचा ठोसा जबड्यावरच्या ठोशाइतकाच मोजावा, कारण पुढच्या फेऱ्यांत खाली आलेले हात आणि जड झालेले पाय बहुतेकदा त्याच ठोशांचा परिणाम असतात.