दान आणि देणे : ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा वाचताना

अक्कलकोटास स्वामी समर्थांच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू वटवृक्षाखालच्या देवळातून बाहेर पडतो तो बहुधा अन्नछत्राच्या वाटेस लागतो. १९८८ पासून चालत आलेल्या या अन्नछत्रात कोणाची जात वा ऐपत विचारीत नाहीत. पेढीवाला आणि रोजमजूर एकाच पंगतीत बसतात. आम्हीही तेथे जेवलो आहो, आणि त्या अन्नाविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु पंगत उठली, पेढीवाला आपल्या मोटारीकडे व मजूर एस. टी.च्या थांब्याकडे वळला, तेव्हा एक प्रश्न आमच्या मनात राहिला. ही समता हात वाळेपर्यंतच टिकावयाची काय? हाच प्रश्न बरोबर घेऊन आम्ही जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा उघडला.

संपत्तीच्या वाटपाविषयी हल्ली जो वाद चालतो, त्यात दोन पक्ष ठळक दिसतात. एक म्हणतो, श्रीमंताच्या राशीतून काढून दरिद्र्यास द्यावे. दुसरा म्हणतो, ज्याने मिळविले त्याचेच ते. दया आली तर त्याने दान करावे, सक्ती नको. दोघांचाही विचार रास पुढे मांडल्यानंतर सुरू होतो. ती रास कोणाच्या खळ्यातून आली, हे पुसण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. जोतीरावांचा ग्रंथ नेमका तेथून आरंभ करतो, आणि आमच्या मते त्याचे खरे महत्त्व यातच आहे.

हा ग्रंथ १८८३ साली पुरा झाला. १८७६-७७ च्या ज्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याची दैना केली, त्याच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. ग्रंथाचे आरंभीचे भाग ‘दीनबंधु’ पत्रात आले; पुढील मजकूर छापण्यास संपादक नारायण मेघाजी लोखंडे कचरले, आणि ग्रंथकारास त्याचा विषाद वाटला. हेच लोखंडे पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मजकुराचा दाह स्वकीयांसही किती सोसवेना, ते कळून येते.

ग्रंथाची पाच प्रकरणे म्हणजे एक जमाखर्चच होय. धर्मविधींच्या निमित्ताने जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याच्या घरातून काय जाते, कचेरीत व कोर्टात काय झिरपते, साऱ्याच्या व करांच्या रूपाने सरकार काय उचलते, याची एकेक बाब लेखक मांडीत जातो. चौथ्या प्रकरणात शेतकऱ्याच्या घरादाराचे जे वर्णन आहे, ते त्या काळच्या मराठी गद्यात आम्हांस अपूर्व वाटते. दारिद्र्याविषयी कळवळ्याचे शब्द इतरांनीही लिहिले. जोतीरावांनी भांडीकुंडी आणि गुरेढोरे मोजून दाखविली. अशी मोजणी पाहिल्यावर दारिद्र्य हा दैवाचा खेळ आहे, असे म्हणण्याचे धाडस वाचकास होत नाही.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. आर्यांच्या आगमनाचा जो इतिहास तिसऱ्या प्रकरणात येतो, तो बराचसा तर्कावर उभा आहे. आजच्या संशोधनापुढे तो जसाच्या तसा टिकणार नाही. वाक्ये लांबत जातात आणि संतापाच्या भरात मुद्दा निसटतो. याहून मोठी उणीव अशी की, ज्याच्यापाशी बिघाभर जमीनही नाही, अशा मजुराचा स्वतंत्र विचार येथे फारसा आढळत नाही. शेतकऱ्याकडून कोणी काय घेतले, हे पुस्तक सांगते. शेतकऱ्याने आपल्या सालगड्यास काय दिले, हा हिशेब मात्र अपुरा राहिला आहे.

तरीही या वादातील सर्वांत वजनदार आक्षेपास उत्तर याच ग्रंथात मिळते. आक्षेप असा की, वाटून दिल्याने संपत्ती वाढत नाही. उलट मिळविणाऱ्याचा हुरूप मात्र जातो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु पाचवे प्रकरण पाहा. तेथे जोतीराव कोणाची तिजोरी फोडून वाटा, असे सांगत नाहीत. सरकारने लष्करातील व पोलिसातील माणसे लावून ताली व बंधारे बांधावे, माती वाहून जाऊ देऊ नये, पाणी जिरवावे, असे ते सुचवितात. सार्वजनिक द्रव्य व बळ उत्पादकाच्या मातीत परत घालणे, हे वाटप खरे. पण पीक वाढविणारे वाटप.

नव्वद वर्षांनी या विचाराची कसोटी महाराष्ट्रातच लागली. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे खपत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीस १९७७ साली कायद्याचे रूप आले, व तो १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेला पैसा अवर्षणाच्या मुलखातील नाला-बांधावर आणि पाझर तलावावर पोचला. येथे मजूर कोणापुढे हात पसरीत नव्हता. काम मागणे हा त्याचा हक्क ठरला होता. दान आणि देणे यांतील अंतर ते हेच.

मात्र कायद्याने सर्व साधते, असे आम्ही म्हणत नाही. अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन झाले, १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि कमाल जमीनधारणेचा कायदा तर १९६१ सालीच झाला होता. सिंहासने गेली, वारशाने मोठे होण्याची रीत गेली नाही. आपल्या देशात १९५३ साली बसविलेला मृत्युकर १९८५ साली उठला, आणि १९५७ चा संपत्तिकर २०१५ साली. भांडवलावरील प्राप्ती देशाच्या उत्पन्नापेक्षा वेगाने वाढू लागली म्हणजे मेलेल्यांची मिळकत जिवंतांच्या श्रमांवर मात करते, हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात आकड्यांनी दाखविले; आणि साक्षीस बाल्झाक व जेन ऑस्टिन यांच्या कादंबऱ्या काढल्या. मराठीत अशी साक्ष काढावयाची झाल्यास ‘असूड’ प्रथम पुढे येईल.

अन्नछत्राचा अधिक्षेप करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. भुकेल्यास आज जेवू घालणारा हात वंद्यच होय. परंतु त्या पंगतीत वाढल्या जाणाऱ्या भाकरीची ज्वारी ज्याने पिकविली, तो स्वतः वर्षानुवर्षे पंगतीची वाट पाहत असेल, तर त्यास वाढण्यापूर्वी त्याचे देणे किती थकले आहे, हे पाहिले पाहिजे. जोतीरावांची वही त्यासाठी उघडी आहे. तिच्यात सालगड्याचे पान घालावयाचे राहिले आहे. ते आता आपण लिहावयाचे.