‘दाखव’ म्हणणारं प्रेम

बोस्टनच्या ‘एक्स्ट्रीम’ या हार्ड रॉक बँडची ओळख दणदणीत इलेक्ट्रिक गिटारची. पण १९९१ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते त्यांचं अगदी हळुवार गाणं, ‘मोअर दॅन वर्ड्स’. ड्रम नाहीत, बास नाही. नूनो बेटनकोर्टची एक अकूस्टिक गिटार, तारांवर हाताची थाप, आणि गॅरी शेरोनच्या आवाजाला नूनोच्याच आवाजाची जोड.

गाण्याचं म्हणणं असं, की ‘प्रेम आहे’ असं नुसतं म्हणू नकोस, ते दाखव. आपण लगेच मान डोलावतो. पण शब्द खरंच इतके स्वस्त असतात का?

बोस्टनच्या शेजारीच, चार्ल्स नदीपलीकडे हार्वर्डमध्ये, १९५५ साली जे. एल. ऑस्टिन यांनी याच प्रश्नाशी भिडणारी व्याख्यानं दिली होती. त्यांचा मुद्दा साधा आहे: बोलणं म्हणजे दरवेळी माहिती देणं नव्हे. ‘मी वचन देतो’ असं म्हणणं हीच वचन देण्याची कृती. आता ‘माझं प्रेम आहे’ हे काही तंतोतंत वचन नाही, हे मान्य. पण ‘बाहेर पाऊस पडतोय’ यासारखी ती बातमीही नाही. बोलणारा त्यात काहीतरी अंगावर घेतो. ते निभावलं की नाही, हे वर्षानुवर्षांत कळतं. एका संध्याकाळी त्याचा पुरावा कसा देणार?

म्हणून आम्हाला गाण्यातली मागणी खटकते. ‘दाखव’ म्हणणारा तोच, आणि पुरेसं झालं का हे ठरवणाराही तोच. जिच्याकडे मागायचं, तिला गाण्यात एकही ओळ नाही. पुरावा मागणं आणि भरीस घालणं यांत अंतर फार थोडं असतं, बरं का. सूर गोड असला म्हणून मागणी सौम्य होत नाही.

मग गाणं टाकाऊ का? मुळीच नाही. त्यातला दुसरा आवाज ऐका. तो पहिल्यावर कुरघोडी करत नाही, त्याला सोडूनही जात नाही. व्हिडिओत तर बासवाला आणि ड्रमवाला सुरुवातीलाच आपली वाद्यं बाजूला ठेवतात. आपला आवाज आवरून दुसऱ्याला जागा देणं, हे शब्दांपलीकडचं प्रेम त्या चौघांनी करून दाखवलं आहे, आणि तेही कुणाकडे काही न मागता. पुढच्या वेळी गाणं ऐकाल, तेव्हा कान तिकडे असू द्या.