आजोळचा रिटेक

‘रिटेक’ हा शब्द आपल्या ओळखीचा तो सिनेमाच्या सेटवरचा : जमले नाही, पुन्हा घ्या. विवान सुंदरम यांनी आजोळच्या जुन्या फोटोंतून 2001-02 मध्ये संगणकावर जुळवलेल्या कृष्णधवल चित्रमालिकेला ‘री-टेक ऑफ अमृता’ असे नाव दिले, त्यातली व्याकुळता आपण क्षणभर थांबून चाखावी. चित्रकार अमृता शेरगिल 1941 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी लाहोरमध्ये वारली. भाचा विवान जन्मला 1943 मध्ये. जिला कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्या मावशीचा हा रिटेक!

मूळ फोटो आजोबांनी काढलेले. उमरावसिंग संस्कृत-फारसीचे व्यासंगी, पण कॅमेऱ्याचे वेड असे की हंगेरियन गायिका पत्नी आणि दोन मुली यांच्याइतकेच ते स्वतःलाही हौसेने टिपत. ही स्वतःला न्याहाळण्याची ओढ लेकीच्या आत्मचित्रांत उतरली, हे आपल्याला हळूहळू उमगते. आणि नातू तिसऱ्या पिढीत तोच खेळ मांडतो, तेव्हा घराण्यात दागिन्यांसारखी नजरही हस्ते परहस्ते येते की काय, असे वाटू लागते.

तो करतो काय? एका सालचा बाप दुसऱ्या सालच्या लेकीजवळ आणतो, आरशांतून माणसे एकमेकांसमोर उभी करतो. सांधा इतका बेमालूम की बोट ठेवायला जागा नाही. चित्राखालच्या टिपेत मात्र कोणता फोटो कुठला, कोणत्या सालचा, हे प्रामाणिकपणे नोंदलेले. मला तर ती रुक्ष टीपच फार आवडते. जखम भरली आहे, पण व्रण झाकलेला नाही. लेक गेल्यावर 1948 मध्ये आजीने स्वतःचे आयुष्य संपवले. त्या घरच्या माणसांना एका चौकटीत पुन्हा जवळ बसवणे ही नातवाने केलेली शुश्रूषाच.

आपल्याकडे म्हणतात, माय मरो पण मावशी उरो. इथे उलटे घडले. ‘सिस्टर्स विथ टू गर्ल्स’ या चित्रात अमृता आणि इंदिरा या दोघी बहिणी अमृताच्याच 1939 च्या ‘टू गर्ल्स’ या चित्राच्या सोबतीला येतात. आपली नजर सवयीने अमृताकडे धावते. तिला जरा आवरा, आणि इंदिरेकडे बघा : उमरावसिंगांची ती दुसरी मुलगी विवानची आई आहे.